उंबराचे फूल

फार दिवसांनी एखादा स्नेही दारात उभा राहिला की, "अहो, तुम्ही म्हणजे अगदी उंबराचे फूल झालात!" हे उद्गार आपल्या तोंडून सहज निघतात, आणि ज्या वृक्षाला औदुंबर म्हणून आपण दत्तात्रेयाचे वसतिस्थान मानतो, ज्याच्या बुंध्याला पार बांधून प्रदक्षिणा घालतो, त्याला फळे लगडतात पण फूल म्हणून कधी कोणाच्या दृष्टीस पडत नाही, ही पिढ्यानुपिढ्यांची समजूत त्या उद्गारामागे उभी असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खोडावर घोसांनी लटकणारे जे हिरवे गोळे आपण फळे समजतो, ती खऱ्या अर्थाने फळे नव्हेत. फुलोऱ्याचा दांडाच फुगून आत वळला म्हणजे तो गोळा तयार होतो, आणि त्याच्या पोकळीत शेकडो, किंबहुना हजारो, सूक्ष्म फुले भिंतीला लागून दाटीने बसलेली असतात.

या फुलांचे काम काय ते आधी पाहू. वनस्पतींतही नरमादीभेद आहे हे ट्युबिंगेन येथील कामेरारियुस या पंडिताने १६९४ साली प्रयोगांच्या आधारे मांडले. पुंकेसरातील परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, पडला की त्याला अंकुरासारखी एक नलिका फुटते, ती कुक्षिवृंतातून खाली उतरत बीजांडापर्यंत पोहोचते आणि आपल्याबरोबर आणलेली दोन पुंबीजे तेथे सोडते. त्यांतील एक अंडपेशीशी एकरूप होऊन गर्भ निर्माण करते, हे ठीकच. परंतु दुसरेही वाया जात नाही, ते बीजांडातील मध्यपेशीशी मिळून गर्भाचे अन्न तयार करते, हा शोध नावाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली लावला. ज्वारीच्या, गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्यात पिठाचा जो मुख्य भाग असतो तो म्हणजे हेच गर्भान्न. आपली रोजची भाकरी त्या दुसऱ्या मीलनाची देणगी आहे, हे लक्षात आले तेव्हा मला जेवणाच्या ताटाकडे निराळ्या आदराने पाहावेसे वाटले.

आता परागकण कुक्षीपर्यंत न्यावयाचा कोणी, हा प्रश्न ज्वारी वाऱ्यावर सोपविते आणि भोपळा मधमाशीवर. पण ज्याची फुले चहूबाजूंनी बंद कोठडीत आहेत त्या उंबराने काय तजवीज करावी? "उंबर फोडून केंबरे काढणे" ही म्हण ज्यांनी प्रथम उच्चारली त्यांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर ठाऊक होते. केंबरे म्हणजे उंबरात सापडणारी बारीक चिलटे; त्या केंबऱ्यांतच गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा एक कीटक असतो. शास्त्रज्ञ त्याला सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स म्हणतात. कोवळ्या उंबरातील स्त्रीपुष्पे तयार झाली की उंबरातून विशिष्ट गंध सुटतो, आणि त्या गंधाच्या मागाने मादी येऊन टोकाच्या छिद्रातून आत शिरते. ते छिद्र खवल्यांनी इतके आवळलेले असते की शिरताना तिचे पंख बहुधा तुटून बाहेरच राहतात. परतीचा मार्ग तिला नाही. ती अंगावर आणलेले पराग कुक्षींवर घालते, ज्या फुलांच्या बीजांडापर्यंत तिची अंडनलिका पोहोचते त्यांत अंडी घालते, आणि तेथेच मरते. उरलेल्या फुलांत बी धरते. काही आठवड्यांनी प्रथम बिनपंखी नर बाहेर पडतात, माद्यांशी त्यांचा संयोग होतो, मग ते भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचे आयुष्य संपते. नेमक्या याच सुमारास छिद्राजवळची नरपुष्पे उमलतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन त्या भोकातून बाहेर निघतात. त्यानंतरच उंबर तांबूस, मऊ होऊन पक्षी, वटवाघळे व वानरे यांच्या स्वाधीन होते.

या कराराचे महत्त्व कॅलिफोर्नियातील बागाइतदारांना नुकसान सोसून कळले. स्मर्ना येथील नामांकित अंजिराची झाडे त्यांनी १८८० नंतर लावली, झाडे जोमाने वाढली, पण फळे कच्चीच गळून पडत; अखेर १८९९ साली अल्जीरियातून रानअंजिरांबरोबर त्यांचा कीटक आणविला तेव्हा ती झाडे फळे धरू लागली. आपल्या सासवड-पुरंदरचे अंजीर या अटीतून मोकळे आहे; ते परागांवाचून पोसते, आणि शेतकरी त्याची लागवड बियांवर न करता फाट्यांपासून करतात. उंबराला मात्र ही सवलत नाही.

एका झाडावरची उंबरे बहुधा एकाच वेळी पिकतात, म्हणून बाहेर पडलेल्या मादीला त्या झाडावर कोवळे उंबर सहसा मिळत नाही. तिच्या एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरे, नेमक्या त्याच अवस्थेतले झाड तिला गाठावे लागते. म्हणून बाराही महिने कोठे ना कोठे एखादा उंबर फुललेला असावा लागतो, आणि याच कारणाने इतर रानफळे संपतात त्या दिवसांतही पाखरांना उंबर मिळते. देवाचे झाड म्हणून पारावरचा एक औदुंबर आपण राखतो, हे चांगलेच आहे. पण ओढ्याकाठचे, बांधावरचे, रस्त्याच्या हद्दीतले उंबर सरपणासाठी वा रुंदीकरणासाठी तोडण्याची वेळ येईल तेव्हा गावकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी शिवारात आणखी किती उंबर उरले आहेत ते आधी मोजावे, आणि ते थोडे असतील तर कुऱ्हाड थांबवावी.