घरचे कागद (लेखांक ७) : मुन्सफाची रोजनिशी

मागच्या लेखांकात आपण नाशिकच्या वकिलांच्या घरांतली दप्तरे पाहिली. आज न्यायासनावरून राजकारणात आलेल्या माणसाचे कागद पाहू. त्यासाठी नाशिकहून थोडे लांब, वऱ्हाडात जावे लागेल. आधी नाशिकमध्ये क्षणभर थांबू, कारण असे कागद आपल्याकडे इतके कमी का उरले, याचे एक उत्तर इथेच मिळते.

१८७८ मध्ये महादेव गोविंद रानडे सबजज्ज म्हणून नाशिकला बदलून आले. लोकहितवादी गोपाळराव देशमुखही तेव्हा इथेच न्यायखात्यात होते. दोघांच्या त्या दिवसांची घरगुती हकिगत आपल्याला कळते ती मुख्यतः रमाबाई रानड्यांमुळे. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. रमाबाई सभेत पहिल्यांदा बोलल्या, तेही याच शहरात. पण रानड्यांनी स्वतः रोज रात्री काही लिहून ठेवले असते, तर? १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा जळाला आणि सरकारच्या संशयामुळे रानड्यांची बदली तातडीने धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रे टपालातच फोडून वाचली जात. बंडाच्या बातम्या असलेली बनावट पत्रेही त्यांच्या नावे येत, आणि ती ते पाकिटासकट सरकारकडे पाठवून देत. ज्याचे टपाल दुसराच कोणी वाचतो, तो माणूस मनातले कागदावर का उतरवील?

तरीही एकाने उतरवले, आणि तेही वर्षानुवर्षे.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे अमरावतीचे दादासाहेब. जन्म १८५४ चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, मग वकिलीची परीक्षा. १८८५ ते १८९० या काळात त्यांनी वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून नोकरी केली. ती सोडून ते अमरावतीला वकिली करू लागले. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. पुढे टिळकांचे अगदी जवळचे सहकारी झाले आणि नंतर दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्येही बसले. १९३८ मध्ये ते वारले. त्यांच्या इंग्रजी रोजनिश्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. चिरंजीव बाळकृष्ण यांनी वडिलांचे चरित्रही लिहिले. घरच्यांनी या वह्या जपल्या, म्हणूनच आज त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला त्या हाताशी आहेत.

यातला सर्वांत वाचला गेलेला भाग शिर्डीचा. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागायला खापर्डे विलायतेला गेले आणि १९१० मध्ये हात हलवत परतले. त्याच डिसेंबरात ते शिर्डीला आले. पुन्हा डिसेंबर १९११ मध्ये आले, ते मार्च १९१२ पर्यंत राहिले. वऱ्हाडातून शिर्डीला यायचे तर रेल्वेने मनमाडला यावे, तिथून कोपरगाव गाठावे. म्हणजे वाट आपल्या जिल्ह्यातूनच.

या नोंदी पहिल्यांदा वाचणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. पहाटे उठलो, काकडआरती झाली, साईमहाराज बाहेर जाताना दिसले, परतताना दिसले. दुपारी ‘पंचदशी’ किंवा ‘परमामृत’ यांचे सामुदायिक वाचन, रात्री सोबतच्या भक्तांपैकी दीक्षितांचे रामायण, भीष्मांचे भजन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चमत्कार शोधणाऱ्याला त्या रुक्ष वाटतात, राजकारण शोधणाऱ्याला रिकाम्या.

मला त्या फार मोलाच्या वाटतात, आणि त्यांचे मोल त्या एकसुरी नोंदींतच आहे असे माझे मत आहे. भक्तिपर चरित्रांत प्रसंग भावाच्या ओघात येतात, तिथी-तारखा मागे पडतात. खापर्डे तारीख आधी घालतात, मग कोण आले, कोण गेले, काय झाले ते सांगतात, आणि पुढे सरकतात. साईबाबांचा निष्ठावंत सेवक मेघा १९ जानेवारी १९१२ रोजी गेला, हे आपण इतक्या नेमकेपणाने सांगू शकतो ते या वहीमुळे. साक्ष नोंदवायची, तिच्यात आपली भर घालायची नाही, ही शिस्त मुन्सफीत अंगी लागली असावी असे मला राहून राहून वाटते. श्रद्धा त्यांच्या ठायी होतीच. श्रद्धेने लिहिणारा माणूस इतका संयमी असू शकतो, हे पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आणि जे लिहिलेले नाही त्याचे काय? टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला दोन-अडीच वर्षेच झाली होती आणि टिळकपक्षाच्या प्रत्येक माणसावर सरकारची नजर होती. अशा वेळी वहीत राजकारण जवळजवळ नसणे म्हणजे मनातही ते नव्हते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. खापर्डे वकील होते. वही जप्त झाली तर ती न्यायालयात कशी वाचली जाईल, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून अशी रोजनिशी एकटी वाचू नये. शेजारी त्या महिन्यांचे ‘केसरी’चे अंक ठेवावेत, पोलिसांचे गुप्त अहवाल ठेवावेत, त्याच घरातली पत्रे ठेवावीत. मग कोणत्या दिवशीची नोंद एकाएकी आखूड झाली, कोणते नाव येणे थांबले, हे दिसू लागते.

जुन्या नाशकातले वाडे उतरवले जात आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली येत आहेत. तुमच्या घरी पणजोबांची अशी वही निघाली, तर तीन गोष्टी कृपा करून करू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांनी कागद पिवळा करून खातो. पान प्लॅस्टिकमध्ये पक्के करून घेऊ नका. ते पुन्हा सुटत नाही. आणि वहीत खोचलेल्या चिठ्ठ्या, पावत्या, रेल्वेची तिकिटे ‘कचरा’ म्हणून वेगळ्या काढू नका. त्या ज्या पानात आहेत तिथेच राहू द्या, कारण त्या दिवशी वहीत न लिहिलेले काही त्या पावतीवर असू शकते.