यंत्र घेण्याआधी आपले पाणी ओळखा

महाडजवळच्या एका वस्तीत आम्ही आरोग्याच्या बैठकीला गेलो होतो. बैठक संपल्यावर एक वहिनी आम्हाला घरी घेऊन गेल्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बाजूला नवेकोरे आरओ यंत्र लावलेले होते. बारा हजारांचे, हप्त्यावर घेतलेले. वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, एवढे पैसे घातले, तरी धाकट्याचे जुलाब काही थांबत नाहीत."

आम्ही यंत्राकडे न बघता आधी पाणी कुठे साठवतात ते बघितले. यंत्राचे पाणी टोपात काढून ठेवलेले, टोपावर झाकण नाही. तेवढ्यात धाकटा बाहेरून खेळून आला आणि गडू बुडवून पाणी प्याला. गडूबरोबर त्याची बोटेही पाण्यात बुडाली. यंत्राने शुद्ध केलेले पाणी टोपात पुन्हा बिघडत होते.

"मग हे यंत्र घेतले कशासाठी?" आम्ही विचारले. "अहो, त्या विक्रेत्याने आमच्या नळाच्या पाण्यात वायर घातली, तर पाणी तांबडे झाले. म्हणाला, ताई, हे विष तुम्ही पोरांना पाजता. ऐकून लाजच वाटली."

ही लाज आपल्या वस्त्यांत बारा हजारांना विकली जाते. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

तांबडे पाणी आणि आकड्याचा मीटर

विक्रेता पाण्यात धातूच्या दोन कांड्या घालून वीज सोडतो. पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. मग कांडीचे लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. पाणी तांबडे होते ते त्या गंजाने. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. चांगल्यातल्या चांगल्या विहिरीचे पाणीही या प्रयोगात तांबडे होईल. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, याचा या प्रयोगाशी काही संबंध नाही.

दुसरी वस्तू म्हणजे टीडीएस मीटर. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, एवढेच तो सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत क्षार असावेत. दुसरे पाणी मिळतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण मीटरला जंतू दिसत नाहीत. पावसाळ्यात गटाराचे पाणी मिसळलेल्या विहिरीचा आकडाही छान कमी येऊ शकतो, आणि त्याच पाण्याने घरात कावीळ येते.

आपल्या भागाचे पाणी कसे आहे?

महाड-पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. डोंगरातले झरे, विहिरी, सावित्रीचे पाणी बहुतेक ठिकाणी गोडे असते. आरओचे मुख्य काम क्षार काढायचे. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यात किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड असलेल्या गावांत त्याचा उपयोग आहे. जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे आरओ वापरू देऊ नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला दिला होता. कारण हे यंत्र पाणी वाया घालवते. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळताना साधारण तीन लिटर मोरीत जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा दहा लिटरसाठी तीस लिटर घालवणे परवडेल का?

खाडीजवळच्या विहिरी खाऱ्या असू शकतात. कारखान्यांजवळ रसायनांची भीती असते. अशा ठिकाणी विक्रेत्याच्या मीटरवर विसंबू नका. ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा. पाण्यात रसायन निघाले तर घराघरात यंत्र लावून भागणार नाही. तो स्रोत बंद करून दुसरे पाणी द्यावे लागते, आणि ते सरकारचे काम आहे.

आपला खरा शत्रू म्हणजे जंतू. जुलाब, कॉलरा, टायफॉइड, कावीळ हे रोग विष्ठेतले जंतू पाण्यात मिसळल्याने होतात. पाण्यातून येणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

जंतू मारायला काय लागते?

*उकळणे.* पाण्याला खळखळून उकळी आली की आणखी एक मिनिट आचेवर ठेवा. त्याच भांड्यात झाकून निवू द्या. यात सगळे रोगजंतू मरतात. खर्च मात्र आहे. आमच्या हिशेबाने रोज दहा लिटर उकळायला महिन्याकाठी सिलिंडरचा साधारण चौथा हिस्सा जातो. तेवढे जमत नसेल तर निदान तान्ही मुले, गरोदर बाया आणि आजारी माणसांसाठी उकळा.

*क्लोरीन.* सगळ्यात स्वस्त. गोळ्या किंवा थेंब आशाताईंकडे, उपकेंद्रात मिळतात. मात्रा पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घ्यायची. गोळी टाकून अर्धा तास थांबायचे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. थोडा वास येतो, त्याने अपाय होत नाही. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घरच्या हंड्यात टाकू नका.

*कँडलचा फिल्टर.* वीज लागत नाही. गाळ अडतो, बरेच जंतूही अडतात, पण काविळीचे विषाणू निसटतात. म्हणून पावसाळ्यात गाळलेल्या पाण्यात क्लोरीन टाका. कँडल आठवड्याला साबण न लावता मऊ ब्रशने घासा. तडा गेली की बदला.

*यूव्हीचे यंत्र.* स्वच्छ पाण्यातले जंतू मारते. पण वीज हवी, पाणी नितळ हवे आणि दिवा वेळेवर बदलायला हवा.

*जुनी साडी.* बांगलादेशात चौपट घडी केलेल्या जुन्या सुती साडीतून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. फक्त गाळून भागत नाही, पण उकळण्याआधी किंवा क्लोरीनआधी गाळलेले बरे. फडके रोज धुऊन उन्हात वाळवा.

२२ जुलै २०२१ चा महापूर आठवा. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, वीज गेली, विहिरी गढूळ झाल्या. विजेवर चालणारे यंत्र अशा वेळी भिंतीवरची शोभा होते. कामाला येते ती क्लोरीनची गोळी आणि चूल. पावसाळ्याआधी दोन्हींची तजवीज घरात असू द्या.

बारा हजारांआधी शंभर रुपये

झाकणाचे आणि तोटीचे पिंप, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे. यंत्र असो की नसो, हे घरात हवेच. पिंप दोन दिवसांनी घासायचे. स्वयंपाकाआधी, पोराला भरवण्याआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायचे. त्या वहिनींना आम्ही एवढेच सांगितले.

तरी जुलाब झालेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात ओआरएसचे एक पाकीट कालवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. झिंकच्या गोळ्या आशाताईंना मात्रा विचारून चौदा दिवस द्या. पोर सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

पाणी सगळ्यांचे आहे

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी पिऊन कोणी अमर होणार नव्हते. इतरांसारखी आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करायचे होते. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि तळे 'शुद्ध' झाले म्हणून जाहीर केले. आपल्या हाताने विटाळलेले पाणी शेणाने शुद्ध झाले म्हणे! पाण्याच्या शुद्धतेबद्दल कोणी काही सांगितले की पुरावा मागायचा, हे आपण तिथेच शिकलो. तळ्याचा दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला.

(२० मार्चला महाडला येणाऱ्यांना एक विनंती. तळ्याला अभिवादन करा, पाण्याला हात लावा. पण उघड्या तळ्याचे पाणी बाटलीत भरून नेऊन लहान मुलांना तसेच पाजू नका.)

ती लढाई सार्वजनिक पाण्याची होती. आज प्रत्येकाने आपापल्या भिंतीवर यंत्र लावले आणि नळाचे पाणी तसेच राहिले, तर ज्याला हप्ता झेपत नाही त्याच्या पोराने काय प्यायचे? म्हणून यंत्राच्या दुकानाआधी ग्रामपंचायतीत जा. टीसीएल पावडर केव्हा आणि किती टाकली, ते विचारा. जलसुरक्षकाला नळावर ओटी टेस्ट करायला सांगा. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळे होते. आपल्या पंचायतीला कोणते कार्ड मिळाले ते बघा: हिरवे म्हणजे धोका कमी, पिवळे म्हणजे मध्यम, लाल म्हणजे तीव्र. पाण्याची पाइपलाइन गटारातून जात असेल तर पाच-दहा बायांनी सह्या करून अर्ज द्या आणि पोच घ्या. शहरात हाच अर्ज नगरपरिषदेत द्यायचा.

एवढे करूनही पाण्याच्या तपासणीत गरज दिसली, तर यंत्र जरूर घ्या. मात्र ते तपासणीचा कागद बघून घ्या, कोणी लाजवले म्हणून घेऊ नका.