एचआयव्हीचा डोळ्यांशी काय संबंध? विषाणू पेशीत न शिरताही तिचं नुकसान कसं करतो?

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला आठवतं ते प्रतिकारशक्ती कमी होणं, टीबी, वजन घटणं. डोळ्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. पण १९९६च्या सुमारास परिणामकारक एकत्रित औषधं येईपर्यंत एड्सच्या साधारण दर तीन रुग्णांपैकी एकाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, खराब व्हायचा. अनेकांची दृष्टी कायमची जायची.

यामागचा गुन्हेगार बहुतेक वेळा दुसराच असायचा. सायटोमेगॅलो, म्हणजेच सीएमव्ही, हा विषाणू आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात गुपचूप पडून असतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. एचआयव्हीमुळे ही संख्या ५०च्या खाली गेली की सीएमव्ही डोकं वर काढतो आणि रेटिना पोखरू लागतो.

इथपर्यंत समजायला सोपं आहे. गंमत पुढे आहे. डोळ्यात कसलाही संसर्ग नसलेल्या काही एचआयव्ही रुग्णांनाही रंगांतला फरक नीट कळत नाही, अंधूक उजेडात वस्तू वेगळ्या दिसत नाहीत. मग इथे नुकसान कोण करतंय?

शेजाऱ्यालाही झळ

संशयितांमध्ये आहेत एचआयव्हीची स्वतःची प्रथिनं. या विषाणूकडे जेमतेम नऊ जनुकं आहेत, पण त्यांपासून बनणारी प्रथिनं भारी उपद्व्यापी. त्यातलं 'टॅट' विषाणूच्या नव्या प्रती बनवण्याचा वेग वाढवतं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. बाधित पेशीतून बाहेर पडून ते शेजारच्या निरोगी पेशीतही शिरतं. चोर एका घरात शिरला आणि नासधूस अख्ख्या आळीची झाली, असा हा प्रकार.

रक्तातल्या नको त्या गोष्टी रेटिनात जाऊ नयेत म्हणून तिथे पेशींची एक भिंत असते. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर टॅट सोडलं, तेव्हा हे सांधे सैल पडल्याचं दिसलं. भिंतीला फट पडली की आत जंतू आणि दाह दोघांनाही वाट मिळते.

दुसरं प्रथिन 'जीपी-१२०', विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं. याच्याच मदतीने विषाणू सीडी-४ पेशीला चिकटतो. ते सुटं होऊन फिरू लागलं तर चेतापेशींमध्ये कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढू शकतं आणि त्या स्वतःलाच संपवतात. रेटिना हा चेतापेशींचाच पडदा. अर्थात यातले बरेच पुरावे प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहेत, हे लक्षात असू द्या.

औषधं चालू असली तर?

मोठा धोका टळतो. औषधं आल्यापासून सीएमव्हीमुळे दृष्टी जाण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं. पण एक मेख आहे. सध्याची औषधं विषाणूला पेशीत शिरू देत नाहीत किंवा त्याच्या नव्या प्रती तयार होऊ देत नाहीत. पेशीच्या डीएनएत आधीच लपून बसलेल्या विषाणूला मात्र ती टॅट बनवण्यापासून थेट रोखत नाहीत. म्हणून रक्ततपासणीत विषाणू सापडत नसला, तरी थोडं टॅट तयार होत राहू शकतं.

सीएमव्हीचा त्रास डोळा न दुखता, लाल न होता सुरू होतो. नजरेसमोर काळे ठिपके तरंगणं, विजेसारखी चमक दिसणं, समोरच्या दृश्याचा एखादा भाग गायब होणं, यातलं काहीही जाणवलं तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. सीडी-४ फारच कमी असतील तर त्रास नसतानाही बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासणी करून घ्यावी. उपचार सुरू झाल्यावर, प्रतिकारशक्ती सावरताना आधी सीएमव्ही झालेल्या डोळ्यात दाह होऊ शकतो. तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि हो, अश्रूंमधून किंवा दुसऱ्याचा चष्मा लावल्याने एचआयव्ही पसरत नाही. सरकारी एआरटी केंद्रांवर ही औषधं २००४पासून मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करता येतो.