आघात-तरंग उपचार आणि जुनाट कंडरादुखी : बैहर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कष्टकरी समाजात अंगदुखी हा आजार मानला जात नाही. तो कामाचाच एक भाग समजला जातो. टाच दुखते म्हणून कोणी रोवणी सोडत नाही आणि कोपर दुखतो म्हणून कुऱ्हाड खाली ठेवत नाही. दुखणे सहा महिने, वर्षभर अंगावर काढले जाते. मग कोणीतरी सांगते, "नागपुरात मशीन आली आहे, शॉक देतात, दुखणे जाते." तेव्हा त्या कुटुंबासमोर तीन प्रश्न उभे राहतात. हा इलाज नेमका कोणता? त्याने खरोखर गुण येतो काय? आणि त्यासाठी पैसा व मजुरी खर्च करावी काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार केला आहे. आरोग्य सहायकांचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या अध्यापकांना, तसेच ज्यांचे विद्यार्थी अशाच घरांतून येतात त्या सर्वच अध्यापकांना, तो उपयोगी पडावा असा हेतू आहे.

बैहर परिसर आणि श्रमाचे स्वरूप

बैहर ही मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची तहसील होय. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७ साली बालाघाट जिल्हा तयार झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला. तथापि सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांच्या निमित्ताने गोंदिया-नागपूरशी त्याचे नाते टिकून आहे. बैहर सातपुड्याच्या मैकल भागातील पठारावर वसले आहे. येथे गोंड व बैगा समाजाची वस्ती मोठी आहे. जवळच कान्हा राष्ट्रीय उद्यान आहे आणि मलाजखंड येथे हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची तांब्याची खाण आहे.

येथील श्रमाची जातकुळी एकच, ती म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणे. पावसाळ्यात बायका तासन् तास बांधीत वाकून पऱ्हे लावतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून पन्नास पानांची गड्डी बांधली जाते. मोहफुले वेचणे, लाकूड फोडणे, डोक्यावर ओझे घेऊन अनवाणी किंवा पातळ चपलेने चालणे, हे रोजचेच. अशा कामांत टाच, कोपर, खांदा आणि टाचेमागचा भाग यांवर सतत ताण पडतो.

'नस', 'शीर' आणि कंडरा

रुग्ण सहसा "नस आखडली" किंवा "शीर दबली" असे सांगतो. बोलीत 'नस' हा एकच शब्द रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिन्हींसाठी वापरला जातो. वर्गात हा भेद प्रथम स्पष्ट करावा लागतो. स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. ती मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते. तिला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश भरून येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला किरणोत्सारी कार्बन टाचेमागच्या कंडरेत किती सापडतो, हे त्यांनी मोजले. वाढीचे वय संपल्यानंतर कंडरेचा गाभा जवळजवळ बदलतच नाही, असे त्यातून दिसून आले.

दुसरा गैरसमज सुजेविषयीचा. अशा जुनाट दुखण्यास पूर्वी सरसकट दाह म्हटले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दाहाच्या नेहमीच्या खुणा फारशा दिसत नाहीत. तंतूंची विस्कटलेली रचना आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती दिसते. म्हणूनच केवळ सूज उतरवणारी गोळी वर्षानुवर्षे घेऊन हे दुखणे मुळातून जात नाही.

हा 'शॉक' विजेचा नव्हे

'शॉक' म्हटले की विजेचा झटका डोळ्यांसमोर येतो. काही जण याच भीतीने उपचार नाकारतात, तर काहींना त्यात जादू दिसते. वस्तुतः येथे शरीरात वीज सोडली जात नाही. हा दाबाचा तरंग आहे. 'आघात-तरंग' हा मराठी शब्द त्यासाठी अधिक नेमका ठरतो. ढगांच्या गडगडाटाने खिडकीची तावदाने थरथरतात, त्याच जातीची पण फार लहान जागेवर एकवटलेली ही क्रिया आहे.

या उपचाराचा उगम दवाखान्यात नव्हे, विमानाच्या कारखान्यात झाला. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळून होणाऱ्या हानीचा अभ्यास जर्मनीतील डॉर्निअर कंपनीचे अभियंते करीत होते. त्यातून मूतखडा शरीराबाहेरूनच फोडण्याची कल्पना पुढे आली आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे ख्रिस्तिआन शाउसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. पुढे हाडांवरही या तरंगांचा परिणाम होतो असे लक्षात आले. १९९१ साली बल्गेरियातील वालचानोव आणि मिखाइलोव यांनी न जुळणाऱ्या हाडांवरील वापराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर कंडरांकडे लक्ष वळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली टाचदुखीसाठी आणि २००३ साली कोपराच्या दुखण्यासाठी अशा यंत्रास मान्यता दिली.

उपचाराचे दोन प्रकार

बाजारात एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रे चालतात. पहिल्या प्रकारात तरंग एका बिंदूवर केंद्रित केला जातो. त्याचा दाब एका सेकंदाच्या अब्जांशांत चढतो, वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट होतो आणि शरीरात खोलवर पोहोचतो. दुसऱ्या प्रकारात दाबलेल्या हवेने हातातील नळीमधला धातूचा लहान तुकडा पुढे आदळवला जातो. तो धक्का त्वचेपासून आत पसरत जातो आणि खोलीबरोबर क्षीण होतो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार हा दुसरा प्रकार आघात-तरंग नव्हेच, तो दाब-तरंग होय. त्याचे यंत्र तुलनेने स्वस्त असते आणि फिजिओथेरपी केंद्रांत तेच अधिक आढळते. याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही. पण एकाच्या अभ्यासातील आकडा दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरणे योग्य नव्हे.

उपचाराची पद्धत साधी आहे. दुखऱ्या जागी जेल लावून दीड ते तीन हजार ठोके दिले जातात. त्यास काही मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा याप्रमाणे साधारणतः तीन ते पाच वेळा यावे लागते. ठोके देताना दुखते. नंतर लाली, किंचित सूज किंवा काळेनिळे डाग येऊ शकतात.

याने गुण कसा येतो, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत कंडरा व हाड यांच्या सांध्यापाशी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार झालेल्या दिसल्या. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम होत असावा. थोडक्यात, अर्धवट थांबलेली दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून दिलेली ही चालना आहे. तरंग स्वतः काही शिवत नाही, जोडत नाही.

पुरावा काय सांगतो?

येथे अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण संशोधन कसे वाचावे याचा हा उत्तम पाठ आहे. दुखणे आपोआपही कमी होते आणि इलाज झाला या विश्वासानेही कमी होते. म्हणून काही रुग्णांना खरा व काहींना लटका उपचार देऊन तुलना केली जाते.

टाचदुखीवर २००२ साली ऑस्ट्रेलियात १६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गट सुधारले, पण त्यांच्यात फरक आढळला नाही. २००३ साली जर्मनीतील २७२ रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर खऱ्या उपचाराने ३४ टक्के आणि लटक्या उपचाराने ३० टक्के रुग्णांना गुण आला. याउलट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दाब-तरंगाच्या अभ्यासात हे प्रमाण अनुक्रमे ६१ व ४२ टक्के होते. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २००९ साली टाचदुखीबाबत, सुरक्षिततेची मोठी चिंता नाही, परंतु परिणामकारकतेचा पुरावा सुसंगत नाही, असे मत दिले. खांद्यासाठी २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ अभ्यास व २,२८१ रुग्णांचा विचार झाला आणि रुग्णाला जाणवेल असा लाभ फारसा नाही, असा निष्कर्ष निघाला.

या आकड्यांमधून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. लटका उपचार घेतलेल्यांपैकीही तीस ते चाळीस टक्के रुग्ण सुधारले. म्हणजे "मशीनने गुण आला" असे सांगणाऱ्या प्रत्येकाचा गुण मशीनचा असतोच असे नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. टाचेमागच्या कंडरेच्या दुखण्यासाठी एका गटाला केवळ व्यायाम, तर दुसऱ्याला व्यायामासह तरंग-उपचार देण्यात आला. चार महिन्यांनी पहिल्या गटातील ५६ टक्के आणि दुसऱ्यातील ८२ टक्के रुग्ण बरे झाले किंवा बरेच सुधारले. तरंगाची भर पडली हे खरे; परंतु ती व्यायामाच्या पायावर पडली. व्यायामाला वगळून घेतलेला तरंग-उपचार म्हणजे बी न पेरता दिलेले पाणी होय.

यंत्र दूर, व्यायाम जवळ

कंडरा बळकट होते ती योग्य प्रमाणात ताण दिल्याने. पूर्ण विश्रांतीने ती दुबळी होते आणि अतिश्रमाने फाटते. या दोहोंमधली वाट म्हणजे सावकाश वाढवलेला भार. स्वीडनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली नेली जाते. हा प्रकार पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे करावयाचा असतो.

तळपायाच्या टाचदुखीसाठी डेन्मार्कमध्ये २०१४ साली अभ्यासलेली पद्धत अशी : पायरीवर उभे राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. तीन सेकंदांत टाच उचलावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली आणावी. हा व्यायाम एक दिवसाआड करावा आणि ताकद वाढेल तसे पाठीवर वजन घ्यावे. तीन महिन्यांनी या गटाची स्थिती केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखे झाले. यासाठी घराची पायरी, जुना गमछा आणि पिशवीतले तांदूळ पुरेसे आहेत. व्यायाम करताना सोसवेल इतके दुखले तर चालते; दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर भार कमी करावा.

आता बैहरचा हिशोब पाहावा. येथे रेल्वे नाही. पाच वेळचा उपचार म्हणजे मोठ्या शहराच्या पाच फेऱ्या, पाच दिवसांची मजुरी, सोबतच्या माणसाचा खर्च आणि यंत्राची फी. त्याऐवजी एकदाच जाऊन निदान पक्के करावे, व्यायाम नीट शिकून घ्यावा आणि तीन महिने नेटाने करावा. त्यानंतरही दुखणे तसेच राहिले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तरंग-उपचाराचा विचार करावा. हा क्रम रुग्णाच्या हिताचा आहे. रोवणीच्या ऐन हंगामात व्यायामाचा भार घटवून शेतातील कामाचा ताणही त्यात धरावा, एवढे तारतम्य हवे.

निदान आधी, उपचार नंतर

प्रत्येक दुखणे कंडरेचे नसते. या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाले. तरुण माणसाची हाडे वारंवार दुखत असतील किंवा खुब्यात कळ येत असेल तर प्रथम सिकलसेलची तपासणी करावी. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मधुमेह पाहावा. रात्री झोपू न देणारी वेदना, ताप, वाढती सूज किंवा "कट्" असा आवाज होऊन अचानक गेलेली ताकद, या सर्व खुणा थेट डॉक्टरांकडे जाण्याच्या आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांनी कंडरेस इजा होऊ शकते, हेही डॉक्टरांना औषधांची माहिती देताना ध्यानात ठेवावे.

गर्भवती स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे किंवा रक्तस्रावाचा विकार असणारे रुग्ण यांच्यावर हा उपचार टाळला जातो. ज्या जागी गाठ वा जंतुसंसर्ग आहे तेथे, मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांवर आणि फुप्फुसावरील भागावर तो करू नये.

अध्यापकांची भूमिका

विद्यार्थ्यांना चार प्रश्न पाठ करून द्यावेत. ते त्यांनी घरी न्यावेत. निदान कोणी व कसे केले? यंत्र कोणत्या प्रकारचे आहे? व्यायाम शिकवला काय आणि तो किती आठवडे झाला? पाच वेळा येऊनही गुण न आल्यास पुढे काय? हे प्रश्न हिंदी, मराठी व गोंडी या तिन्ही भाषांत भिंतीवर लावता येतील. आरोग्य सहायकाच्या वर्गात पायरीवरचा व्यायाम विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करून घ्यावा. कारण जे अंगाने शिकले जाते तेच आईला किंवा शेजारणीला नीट दाखवता येते.

समारोप

आघात-तरंग उपचार हा थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. काही कंडरादुखींत, व्यायामासोबत, योग्य निदानानंतर त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु इलाजाचा मोठा वाटा आजाराचे ज्ञान, मोजका भार आणि धीर यांचा आहे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी पठार उतरून दूर जावे लागत नाही. दुखणाऱ्या माणसाला शहरातील यंत्राचा पत्ता सांगण्यापूर्वी त्याच्या घरातील पायरीचा उपयोग समजावून सांगणे, हे काम शिक्षक सहज करू शकतो.