पगचं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

‘अगं, किती गोड घोरतो!’ पुण्यात पग पाळलेल्या घरी हे कौतुक हमखास कानावर येतं. मला ते ऐकवत नाही. झोपेत घोरणारा, जागेपणीही घुरघुरणारा पग बहुतेकदा श्वासासाठी झगडत असतो.

कारण कवटीतच आहे. चपट्या चेहऱ्याच्या हौसेपायी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याचं नाक आखूड केलं. हाड आखूड झालं. आतलं मांस त्या प्रमाणात घटलं नाही. नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग इतका लांब, की श्वासनलिकेच्या तोंडाशी तो अडथळा करतो. त्याचाच हा आवाज. ‘पग असाच असतो हो’ हे उत्तर तर संताप आणतं. बहुतेकांना होतो म्हणून विकार निरोगी ठरतो का? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ साली ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक पगच्या नोंदी इतर कुत्र्यांशी ताडून पाहिल्या. श्वसनमार्ग अडण्याच्या या विकाराची शक्यता पगमध्ये सुमारे ५४ पट निघाली.

आपल्याकडे ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या २००३च्या जाहिरातीनंतर पग घरोघरी आला. मुलाच्या मागे मागे कुठेही जाणारा तो पग लोकांच्या मनात इतका बसला, की आपलाही तसाच फिरेल असं वाटतं. आणि ‘पुण्याची हवा तर थंड!’ एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, त्याचं काय? कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नाममात्र. अंग थंड करायला त्याच्याकडे धापा टाकणं हाच मुख्य उपाय, आणि पगची नेमकी तीच वाट चिंचोळी. म्हणून उन्हाळ्यात टेकडीवर न्यायचं तर उजाडताच न्या, दुपारी मुळीच नको. जीभ निळसर पडली, तोल जाऊ लागला तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि मग डॉक्टरकडे धावा. आधी गार करायचं, प्रवास नंतर.

वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो, त्यामुळे गुबगुबीत पग म्हणजे सुदृढ पग नव्हे. गळ्याला पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. घोरणं फार असेल तर नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कमी करण्याची शस्त्रक्रिया होते. वयाबरोबर त्रास आपोआप जाईल ही आशा खोटी.

बाकीचं थोडक्यात. चेहऱ्याच्या वळ्या ओल्या राहिल्या तर जंतुसंसर्ग होतो, तेव्हा पुसून कोरड्या ठेवा. आखूड केस गळत नाहीत, हे साफ चूक. पग भरपूर केस गाळतो. प्रसादातले बेदाणे त्याला चालत नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि फ्लॅटबाहेर न पडणाऱ्या कुत्र्यालाही रेबीजची लस हवीच.