प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचं पहिलं वर्ष

२०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक. असे आकडे आले की आपल्याकडे ठरलेली वाक्यं सुरू होतात: पोरांना कष्ट नकोत, सरकारी खुर्ची हवी, हाताला कौशल्य नाही. शेवटच्या वाक्यावरून मग एखादी नवी योजना निघते. खरं तर याच महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि खासगी धरून प्रवेशाच्या जागा सुमारे दीड लाख. त्यावर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय योजना, बँकांच्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, २०२३ च्या ऑक्टोबरात एका दिवशी उद्घाटन झालेली ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं. प्रशिक्षणाची टंचाई आहे, असं या यादीवरून तरी म्हणता येत नाही. टंचाई आहे ती दोन गोष्टींची. शिकत असताना घर कोणी चालवायचं, याचं उत्तर नाही. आणि शिकून झाल्यावरच्या पहिल्या वर्षात त्या मुलाकडे बघणारं कोणी नाही. गेल्या पाऊणशे वर्षांतले आपले प्रयोग या दोन जागी कुठे टिकले आणि कुठे घसरले, ते पाहण्यासाठी हा आढावा.

सुरुवात मात्र त्याहून मागे जाते. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती गिरण्यांना माणसं हवी होती म्हणून. तिथे शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आसपासच्या खेड्यांतल्या, यंत्र कधी न पाहिलेल्या माणसांना हाताशी धरून तिथे नांगर ओतले गेले. शिकवणारा आणि पगार देणारा एकच होता. शिकवण्यात कसर राहिली तर नांगर मोडणार त्याचाच. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनानं विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण दिलं, तेव्हाही वसतिगृह आधी आणि ससूनमधलं प्रत्यक्ष काम बरोबरीनं, अशीच मांडणी होती. घरातून बाहेर पडलेल्या बाईला रात्री झोपायला जागा नसेल तर दिवसा शिकवून उपयोग नाही, हे त्यांना कोणा सल्लागार कंपनीनं सांगावं लागलं नाही. भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजनाही याच वळणाची.

स्वातंत्र्यानंतर शिकवणं आणि काम यांची ही गाठ सुटली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. दोन्ही पावलं मोठी होती आणि त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, नाशिकचं सातपूर हे पट्टे आयटीआयच्या मुलांनी चालवले. पण शिकवणारं खातं एक आणि काम देणारा दुसराच कोणी, ही व्यवस्थाही तेव्हाच रुजली. कारखाने वाढत होते तोवर तिचं काही बिघडलं नाही.

आयटीआयवर टीका करणाऱ्यांनी एकदा फिटर ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये सकाळ काढावी. पहिले काही आठवडे मुलाच्या हातात माइल्ड स्टीलचा एक ठोकळा आणि कानस. त्याला तिथे ‘जॉब’ म्हणतात. आधी बास्टर्ड फाइलनं जाडंभरडं घासायचं, मग स्मूथ. मध्येमध्ये ट्रायस्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसमध्ये. कोपर किती उचलायचं, वजन कधी पुढच्या पायावर द्यायचं, हे निदेशक पाठीमागून येऊन खांदा दाबून सांगतात. चार दिवसांनी तळहाताला फोड येतात, आणि कुठल्याशा सकाळी चारही बाजू काटकोनात येतात. मग मेल-फिमेल फिटिंग: दोन तुकडे एकमेकांत असे बसले पाहिजेत की उलटवून बसवले तरी अडू नयेत. आता हे काम सीएनसी यंत्र काही मिनिटांत करतं, हे मान्य. पण मापाची नजर आणि चुकलेला जॉब पुन्हा पहिल्यापासून घासायचा धीर तीन महिन्यांच्या कोर्समध्ये येत नाही. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाबद्दल माझ्या मनात जी अढी आहे, तिचं मूळ या ठोकळ्यात आहे.

अडचण ही, की दोन वर्षं ठोकळा घासायला परवडतं कोणाला? शासकीय आयटीआयतल्या पात्र प्रशिक्षणार्थ्यांचं विद्यावेतन २०२३ पर्यंत महिना ४० रुपये होतं. चाळीस. त्या वर्षी ते ५०० झालं. तालुक्याच्या ठिकाणी एसटीच्या पासातून आणि वडापावातून पाचशे रुपये किती दिवस पुरतात, हा हिशोब वाचकांनीच करावा. परीक्षेला बसायचं तर ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि ती बरोबरच आहे. पण बीड, जालना, नगरच्या पट्ट्यात दिवाळी संपली की ऊसतोडीच्या गाड्या लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतली ती पावसाळ्यातच संपलेली असते. घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल तर तो आयटीआयत असण्यापेक्षा कोयत्यावर असणं, हे त्या घरापुरतं अगदी शुद्ध गणित असतं. मुलगी असेल तर तिचं लग्न लावून एक पूर्ण कोयता तयार करण्याचा दबाव येतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली, ती म्हणूनच कुठल्याही कौशल्य मिशनपेक्षा मला महत्त्वाची वाटते. फक्त वसतिगृहाचा बिछाना शाळेपुरता संपता कामा नये. आयटीआयची दोन वर्षंही त्याच बिछान्यावर निघाली पाहिजेत.

थांबायचा खर्च कोणाला तरी उचलावा लागतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तो आजही पगाराच्या स्लिपमध्ये दिसतो. पाझर तलाव झाले, लोक जगले. खोदणाऱ्याच्या हाताला दुसरं काही शिकवावं, हा विचार मात्र तिथे फारसा झाला नाही.

आता दुसरं टोक. मुलगा पास झाला, शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत लागला. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं, त्यात केंद्राचा वाटा पाव, फार तर १,५०० रुपये. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत, असं बंधन आहे. कागदावर उत्तम. पण कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही आणि वर्ष संपल्यावर त्याला कामावर घेणं कंपनीवर बंधनकारक नाही. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या खोल्यांमध्ये चार-चार, पाच-पाचजण मिळून राहणाऱ्या मुलांच्या बोलण्यात म्हणून दोनच शब्द असतात: ‘ट्रेनी’ आणि ‘ब्रेक’. २४० दिवस भरले की कायमपणाचा दावा उभा राहतो, हे जुन्या कामगार कायद्यांनी दिलेलं संरक्षण. त्याचा व्यवहारातला अर्थ झाला सात महिन्यांनी मिळणारा ब्रेक. ब्रेक मिळाला की दुसरी कंपनी, तिथे पुन्हा ट्रेनी, पुन्हा तोच पगार. पाच वर्षं लाइनवर काढलेल्या मुलाच्या बायोडेटात पाच कंपन्या असतात आणि हुद्दा एकच. ज्याला करिअर म्हणतात त्यात पायऱ्या असाव्या लागतात. इथे एकच पायरी आहे आणि ती सरकती आहे. तलाठ्याच्या अर्जांचं कोडं मला इथे सुटतं. ती पोरं खुर्चीसाठी रांगेत नाहीत, ब्रेक नको म्हणून आहेत.

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणानं एक तक्ता छापला आणि तो पुढे प्रत्येक भाषणात आला: औपचारिक प्रशिक्षण घेतलेले कामगार भारतात ४.६९ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. तक्ता खोटा नव्हता, पण त्यात उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षं काढलेला गवंडी अकुशल ठरत होता. त्याच वर्षी जुलैत प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली आणि आकड्यांची शर्यतही. केंद्रानं नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनं २०१६ मध्येच एकेका उद्योगक्षेत्रासाठीच्या सेक्टर स्किल कौन्सिलच्या कारभारावर आणि त्यातल्या हितसंबंधांच्या गुंत्यावर बोट ठेवलं होतं. प्रशिक्षण केंद्राला पैसे मिळायचे ते मुलगा दाखल झाला, परीक्षा झाली, नोकरी लागल्याचं पत्र मिळालं, अशा टप्प्यांवर. पत्र मिळाल्यावर काय झालं, हे विचारायचं काम कोणाच्याच टेबलावर नव्हतं. विश्वकर्मा योजनेनं २०२३ मध्ये अठरा पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांना कारागीर मानून सुरुवात केली, प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० ठेवले. निदान दिशा बरी.

या सगळ्यात एक जागा वेगळी निघते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात वरच्या जागेवर होते. १९८३ मध्ये ते सगळं सोडून या अवर्षणग्रस्त गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुलं घ्यायची, वर्षभर आश्रमात ठेवायची आणि वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, रक्तगट तपासणी असं सगळं थोडंथोडं हातानं करायला लावायचं. गंमत पुढे आहे. हे सराव म्हणून करायचं नाही, गावाला सेवा म्हणून करायचं. शेतकऱ्याचं फाटक जोडायचं तर बिल फाडायचं. शेतकरी बिल देणार असेल तर तो वेल्डला लाथ मारून बघणारच, आणि ती परीक्षा कुठल्याही असेसरपेक्षा कडक. विहिरीसाठी भूजल शोधायचं, घुमटाकार घरं बांधायची, छोटा ट्रॅक्टर जुळवायचा, हेही याच मुलांनी केलं. २००२ मध्ये एमआयटीच्या पुढाकारातली, अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब पाबळला आली. दहावी नापास मुलगा तिथे लेझर कटरवर उभा राहतो. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावानं त्यांचा विषय राज्यातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला पोचला. तरीही चाळीस वर्षांत पाबळ हे उदाहरणच राहिलं, नियम झालं नाही. एकाच शिक्षकाला वेल्डिंगही आलं पाहिजे आणि गावात ऊठबसही असली पाहिजे, असा माणूस भरती नियमात बसत नाही. हे त्याचं अर्धं कारण असावं.

स्त्रियांच्या बाबतीत माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी महिला बँकेनं, १९९७ नंतर, आधी बाईचं खातं आणि मग धंद्याचं शिक्षण असा क्रम लावला. शिक्षणाची बस दारात जाते. पुण्यात कचरावेचकांची २००८ पासूनची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था प्रशिक्षणाच्या यादीत कोणी घेत नाही. मी घेतो. कागद-प्लास्टिक-भंगाराची पारख त्या बायकांकडे होतीच. ओळखपत्र आणि महापालिकेशी करार मिळाल्यावर त्याच पारखीला दारातून प्रवेश मिळाला.

ताज्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना मिळाले. मुदत सहा महिने होती, पुढे पाच वाढली. अकरा महिने तहसीलमध्ये, शाळेत काम करून घरी परतलेली मुलं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली, यात नवल ते काय? पैसे दिले ही चांगली गोष्ट. पण ज्या कार्यालयात भरतीच बंद, तिथलं काम शिकवून त्यांना पाठवायचं कुठे, हे आधी ठरवायला हवं होतं. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी २०२४ च्या फेब्रुवारीत दहा हजार कुशल तरुणांचा करार झाला, तिथे खरी चाळणी हस्तकौशल्याची नाही, भाषेच्या पातळीची आहे. गडचिरोलीच्या किंवा जतच्या मुलाला त्यासाठीही वर्ष काढावं लागतं, आणि पुन्हा प्रश्न तोच, ते वर्ष कोणाच्या खर्चानं.

आता केंद्राच्या पीएम-सेतू योजनेतून ६०,००० कोटी रुपये देशातल्या एक हजार शासकीय आयटीआयवर खर्च होणार आहेत, उद्योगांना हाताशी घेऊन. यंत्रं येतील. निदेशकांच्या रिकाम्या जागा मात्र तासिका तत्त्वावर भरायच्या, हा आपल्याकडचा शिरस्ता यंत्रांबरोबर बदलेल असं मानायला आधार नाही. या खर्चाच्या जोडीला एक स्वस्त काम सुचवावंसं वाटतं. आयटीआयत जाणाऱ्या प्रत्येकाचा आधार क्रमांक सरकारकडे आहे, नोकरी लागली की भविष्यनिर्वाह निधीचं खातं निघतं. दोन्ही जुळवून, पास झाल्यावर बारा महिन्यांनी किती जणांचा पीएफ अजून भरला जातोय आणि किती पगारावर, हा आकडा संस्थावार आणि ट्रेडवार प्रवेशाच्या पोर्टलवर, कट-ऑफच्या शेजारच्या रकान्यात टाकावा. नावं नकोत, नुसता आकडा. जून-जुलैत अर्ज भरणाऱ्या मुलाच्या बापाला तोच लागतो. स्वतःचं दुकान टाकलेला वायरमन या रकान्यात दिसणार नाही, हे खरं; त्याला संस्थेतून फोन करावा लागेल.