खो-खोंतील आक्रमण आणि आंकड्यांची साक्ष

एखादा संघ सामना हरला म्हणजे मैदानाच्या कडेलाच त्याची कारणमीमांसा सुरू होते. कोणी म्हणतो, आज मुलींचे पाय चालत नव्हते. कोणी म्हणतो, खो देण्यांत उशीर झाला. कोणी पंचांना दोष देतो, तर कोणी प्रतिपक्षाच्या नशिबाला. दहा तोंडांतून दहा कारणें निघतात आणि प्रत्येकास आपलेंच खरें वाटतें. सामना मात्र डोळ्यांसमोरून निघून गेलेला असतो, आणि मागें राहते ती केवळ आठवण. आठवणीचा स्वभाव असा कीं, शेवटच्या क्षणीं मारलेला सूर तिला स्पष्ट दिसतो, परंतु त्यापूर्वीं वायां गेलेलीं दोन मिनिटें ती सहज विसरते. आक्रमण कोठें अडलें, हें ठरवावयाचें असेल तर आठवणीच्या जोडीस घड्याळ आणि वही या दोन साक्षीदारांस बोलावणें अवश्य आहे. या साक्षीदारांची साक्ष कशी घ्यावी आणि ती कोठवर मानावी, हाच प्रस्तुत विषय होय.

हा विषय धाराशिव जिल्ह्याला विशेष जवळचा आहे. २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद हें सरकारी नांव असलेला हा जिल्हा पावसाच्या बाबतींत भाग्यवान नाहीं. परंतु खो-खोच्या बाबतींत त्याचें नांव देशभर घेतलें जातें. २०१६ सालीं गुवाहाटी येथें झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतीय महिला संघानें सुवर्णपदक मिळविलें, त्या वेळीं संघाचें नेतृत्व याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्याकडे होतें. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या अत्यंत ओढगस्तीच्या परिस्थितींतून खेळाच्या बळावर त्या वर आल्या, आणि पुढें तुळजापूर येथें क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेंत रुजू झाल्या. जानेवारी २०२५ मध्यें दिल्ली येथें भरलेली पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय महिला संघांतहि धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. अशा ठिकाणीं मैदानावर खेळणारी प्रत्येक मुलगी केवळ करमणुकीसाठीं धांवत नसते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

प्रथम खेळाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोला नियमांची चौकट घालून दिली, आणि अनेक फेरबदलांनंतर आजचा खेळ सिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या खेळांत आठ गडी दोन खुंटांमधील पाटीवर आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात व नववा पाठलाग करतो. प्रतिपक्षाचे गडी तीन-तीनांच्या तुकडीनें मैदानांत उतरतात. धांवणाऱ्यास बसलेल्या गड्यांमधून कोठूनहि आरपार जातां येतें. पाठलाग करणाऱ्यास ती मुभा नाहीं. त्यानें एकदां दिशा धरली कीं खुंटाला वळसा घालीपर्यंत मागें फिरतां येत नाहीं. म्हणून तो बसलेल्या गड्याच्या पाठीस हात लावून 'खो' देतो, आणि पाठलागाचें काम नव्या, ताज्या पायांवर सोंपवितो. यावरून एक गोष्ट उघड होते: येथें आक्रमण एकट्याचें नसतें. ती एक सांखळी आहे, आणि कोणतीहि सांखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट असते.

आतां या सांखळीचें माप कसें घ्यावें? सर्वांत सोपें माप म्हणजे एका पाळींत किती गडी बाद झाले हें मोजणें. परंतु कोठें पाळी ९ मिनिटांची, तर कोठें ७ मिनिटांची. कोठें एका बादास १ गुण, तर कोठें २. तेव्हां गुणांची तुलना फसवी ठरते. त्याऐवजीं पाळीच्या एकूण सेकंदांना बाद झालेल्या गड्यांच्या संख्येनें भागावें. जें उत्तर येतें तें 'एका बादास लागलेला सरासरी वेळ' होय. हा आंकडा जितका लहान, तितकें आक्रमण जलद.

उदाहरणादाखल १९ जानेवारी २०२५ रोजीं झालेला विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना घेऊं. भारतानें नेपाळचा ७८ विरुद्ध ४० गुणांनीं पराभव केला. त्या स्पर्धेंत पाळी ७ मिनिटांची होती आणि प्रत्येक बादास २ गुण होते. पहिल्या पाळींत भारतानें आक्रमण करून ३४ गुण मिळविले, म्हणजे १७ गडी बाद केले. दुसऱ्या पाळींत नेपाळनें २४ गुण, म्हणजे १२ बाद. तिसऱ्या पाळींत भारतानें ३८ गुण, म्हणजे १९ बाद. चौथ्या पाळींत नेपाळनें १६ गुण, म्हणजे ८ बाद. एकंदरीत प्रत्येक संघानें १४ मिनिटें, म्हणजे ८४० सेकंद आक्रमण केलें; त्यांत भारताचे ३६ बाद आणि नेपाळचे २०. भागाकार केला तर भारतास एका गड्यामागें सुमारे २३ सेकंद लागले आणि नेपाळला ४२ सेकंद.

येथेंच थांबलें तर निष्कर्ष सोपा आहे: नेपाळच्या मुली पाठलागांत भारताच्या निम्म्याच वेगाच्या होत्या. परंतु सरासरी ही मोठी लबाड वस्तु आहे. गांवची नदी सरासरीनें गुडघाभर आहे, एवढ्या माहितीवर जो पाण्यांत उतरतो तो मध्यल्या डोहांत बुडतो. या सामन्यांतहि असाच डोह आहे. स्पर्धेच्या नियमाप्रमाणें बचाव करणारी तुकडी ३ मिनिटें टिकली कीं तिच्या संघास १ गुण मिळतो, आणि पुढें प्रत्येक ३० सेकंदांस आणखी एक. भारतास असा १ गुण दुसऱ्या पाळींत मिळाला. म्हणजे त्या वेळीं भारताची एक तुकडी निदान १८० सेकंद टिकली. चौथ्या पाळींत तर भारताची एक तुकडी ५ मिनिटें १४ सेकंद, म्हणजे ३१४ सेकंद मैदानांत राहिली आणि तिनें ५ गुण मिळविले. या दोन तुकड्यांनीं मिळून नेपाळच्या ८४० सेकंदांपैकीं निदान ४९४ सेकंद खाऊन टाकले.

आतां उरलेला हिशेब पहावा. या दोन तुकड्यांत मिळून फार तर ६ गडी. म्हणजे बाकीचे निदान १४ गडी नेपाळनें उरलेल्या फार तर ३४६ सेकंदांत बाद केले. भागाकार येतो २५ सेकंदांच्या आंत. भारताचा आंकडा २३ होता! तेव्हां नेपाळचे पाय सर्व सामनाभर मंद होते, हें म्हणणें टिकत नाहीं. बहुतेक तुकड्यांपुढें त्यांचें आक्रमण चांगलें चाललें. दोन तुकड्यांपुढें मात्र तें खिळून राहिलें.

अर्थात् येथें न्यायानें वागलें पाहिजे. कोणत्याहि विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेंतून त्याचे सर्वांत वाईट दोन विषय काढून टाकले तर तो हुशारच दिसणार. तीच सवलत भारतास दिली, तर २३ चा आंकडाहि आणखी खालीं येईल. आणि नेपाळची एकहि तुकडी ३ मिनिटें टिकूं न देणें हा भारतीय आक्रमणाचा गुणच होता. म्हणून या हिशेबावरून दोन्ही संघ सारखे होते असें सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, दोष सर्वत्र पसरलेला नसून एका ठिकाणीं सांचलेला होता. शिक्षकाच्या दृष्टीनें हा भेद फार महत्त्वाचा आहे. दोष सर्वत्र असेल तर सर्व मुलींना अधिक धांवावयास लावणें हा उपाय; दोष एका ठिकाणीं असेल तर तो उपाय म्हणजे पोटदुखीवर डोक्याला लेप.

म्हणून वहींत नुसता पाळीचा हिशेब न ठेवतां प्रत्येक तुकडीचा, आणि तुकडींतहि प्रत्येक गड्याचा वेगळा ठेवावा. समजा, एक तुकडी १५० सेकंद टिकली. पहिला गडी २५ सेकंदांत गेला, दुसरा त्यानंतर ३० सेकंदांत, आणि तिसऱ्यास ९५ सेकंद लागले. तिघांची सरासरी ५० येते. परंतु ५० सेकंद तर कोणासच लागले नव्हते. खरी अडचण एकट्या उरलेल्या गड्याशीं आहे. त्याला सर्व मैदान मोकळें असतें. तो सांखळी घालीत बसलेल्यांमधून या कडेचा त्या कडेस जातो आणि पाठलाग करणाऱ्यास हुलकावणी देतो. अशा वेळीं वेगापेक्षां योग्य क्षणीं दिलेला खो आणि त्याला खुंटाकडे रेटीत नेण्याची योजना अधिक कामीं येते. सरावाचा वेळ कोठें खर्चावा, हें त्या ९५ च्या आंकड्यानें सांगितलें.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. गुणपत्रकांत बाद करणारीचें नांव चढतें, आणि लोकांच्या तोंडींहि तेंच राहतें. समजा, एका मुलीच्या नांवावर ६ बाद आहेत आणि दुसरीच्या नांवावर १. निवडीची वेळ आली तर दुसरीस वगळण्यांत कोणास कांहींच चूक वाटणार नाहीं. परंतु वहींत प्रत्येक बादाच्या मागचे तीन खो कोणी दिले हें लिहिलें असेल, आणि त्या ६ पैकीं ४ वेळां अखेरचा खो या दुसरीनेंच दिलेला आढळला, तर? धांवणाऱ्यास कोंडींत आणणारी ती. हात लावणारी दुसरी. तिला काढलें तर पहिलीचे ६ बाद पुढल्या सामन्यांत २ वर येतील, आणि मग लोक म्हणतील, हिचाहि खेळ आतां उतरला. याच वहींत उशिरां दिलेले खो व नियमभंगहि लिहावेत, कारण एका नियमभंगामुळें पाठलाग उलट दिशेस न्यावा लागतो आणि हाताशीं आलेला गडी निसटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक फसविणारी. ती समजावून घेण्यासाठीं थोडें विलायतेस जावें लागेल. चार्ल्स रीप या हवाई दलांतील हिशेबनीसानें १९५० सालीं स्विंडन टाउन संघाच्या एका सामन्यापासून फुटबॉलमधील हल्ल्यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला आणि पुढें अनेक वर्षें तें व्रत सोडलें नाहीं. बहुतेक गोल, शेंकडा सुमारें ८०, हे तीन किंवा त्याहून कमी पास दिल्यानंतर होतात, असें त्यास आढळलें. यावरून लांब टोला मारून चेंडू झटपट पुढें धाडावा, असा उपदेश निघाला व कित्येक संघांनीं तो आचरला. परंतु त्याच्याच नोंदींप्रमाणें शेंकडा ९० हून अधिक हल्ले तीन पासांच्या आंतच संपत होते. म्हणजे ९० हल्ल्यांतून ८० गोल, आणि उरलेल्या १० हल्ल्यांतून २०! लांबलेला हल्लाच प्रत्यक्षांत अधिक फळ देत होता. किती यश आलें हें मोजलें, परंतु किती प्रयत्नांतून आलें याचा विचार राहून गेला.

खो-खोंतहि हा खड्डा आहे. अमुक मुलीनें सूर मारून ५ गडी बाद केले, हें ऐकून टाळ्या पडतात. तिनें सूर किती वेळां मारला? २० वेळां मारला असेल, तर १५ वेळां ती जमिनीवर पडून राहिली आणि पाठलागाची सांखळी तुटली. म्हणून यशाच्या रकान्याशेजारीं प्रयत्नांचा रकाना हवाच. एकावांचून दुसरा म्हणजे जमेवांचून खर्चाची वही.

शेवटीं आंकड्यांची मर्यादाहि सांगितली पाहिजे. एका सामन्यावरून कोणाचाहि निकाल लावूं नये. फुटबॉलमध्यें सबंध सामन्यांत दोन-तीन गोल होतात, म्हणून तेथें नशिबाचा वांटा मोठा. खो-खोंत एका सामन्यांत पन्नासाच्यावर गडी बाद होऊं शकतात, म्हणून येथें आंकडे लवकर बोलूं लागतात. तरीहि संघाविषयीं ते जितक्या लवकर बोलतात, तितक्या लवकर एकेका मुलीविषयीं बोलत नाहींत. निदान आठ-दहा सामन्यांची वही हवी, आणि प्रतिपक्ष दुबळा होता कीं बलवान हेंहि त्यांत हवें. दुबळ्या संघाविरुद्ध मिळालेले २० सेकंद बलवान संघाविरुद्धच्या ३० सेकंदांहून श्रेष्ठ असतीलच असें नाहीं.

या सर्वांस खर्च कांहींच नाहीं. मैदानाच्या कडेला तीन मुलें बसवावीं: एकाच्या हातीं घड्याळ, दुसऱ्यानें खो देणाऱ्याचा क्रमांक मोठ्यानें सांगावा, तिसऱ्यानें लिहावें. जी मुलगी त्या दिवशीं खेळणार नाहीं तिला हें काम दिलें, तर तिला खेळ अधिक समजेल. भूम, परांडा, कळंब, उमरगा, कोठल्याहि शाळेंत हें करतां येईल.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. महाराष्ट्रांत शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा ५ जागा राखून ठेवलेल्या आहेत, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धेंतील प्रमाणपत्रावर त्या मिळतात. त्या स्पर्धेची वाट शाळेच्या संघांतून जिल्ह्याच्या व जिल्ह्याच्या संघांतून राज्याच्या संघांत जाते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी बसून एक नांव लिहितो आणि एक नांव खोडतो. ज्या मुलीचें नांव खोडलें जातें तिच्या घरीं कदाचित् शेतमजुरीवांचून दुसरें साधन नसेल. तिचें नांव खोडण्यापूर्वीं वही उघडून पाहणें, एवढी तसदी तिच्यासाठीं घेतली गेली पाहिजे.